पात्रप्रवेश आणि अधिकाराची जागा : ‘शॉर्टलँड स्ट्रीट’ या वैद्यकीय मालिकेतील १९९२ ची पात्रे

गोषवारा

न्यूझीलंडमधील ‘शॉर्टलँड स्ट्रीट’ ही दैनंदिन वैद्यकीय मालिका २५ मे १९९२ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्षात जी पात्रे प्रविष्ट झाली त्यांच्या योजनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संस्थेत अधिकार कोणाकडे असावा, या प्रश्नाची मांडणी या पात्रयोजनेने धीटपणे केली. मात्र ती संस्था खासगी असण्याचा अर्थ काय, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रास्ताविक

दैनंदिन मालिका हा दूरचित्रवाणीचा सर्वाधिक पाहिला जाणारा आणि समीक्षेने सर्वांत कमी मनावर घेतलेला प्रकार होय. याचे एक कारण रचनेत आहे. नाटक आणि कादंबरी यांच्या समीक्षेची परिमाणे शेवट गृहीत धरतात. पात्राचे जे काही झाले त्याच्या उजेडात त्याचा आरंभ वाचला जातो. दैनंदिन मालिकेला असा शेवट नसतो. पात्रे येतात, काही काळ राहतात व निघून जातात. कथा मात्र चालूच राहते. अशा रचनेत पात्राचा अर्थ त्याच्या प्रवेशाच्या क्षणीच पुष्कळसा ठरून जातो. म्हणून मालिकेच्या समीक्षेत पात्रप्रवेशाला असाधारण महत्त्व द्यावे लागते.

संस्कृत नाट्यपरंपरेत या बाबीचा विचार झालेला आहे. पूर्वसूचना झाल्याखेरीज कोणत्याही पात्राने रंगभूमीवर येऊ नये, असा तेथे संकेत आहे. या संकेतामागे केवळ प्रेक्षकांची सोय नाही. पात्र कोणाच्या तोंडून सूचित होते आणि आल्यावर कोण त्याला ओळखते किंवा अडवते, यावरून त्याचे नाट्यसृष्टीतील स्थान निश्चित होते. मालिकेच्या पहिल्या भागात हा संकेत पाळणे अवघड असते, कारण तेथे सर्वच पात्रे नवी असतात आणि सूचना देण्यासाठी आधीचे कोणी नसते. या अडचणीतून ‘शॉर्टलँड स्ट्रीट’ने काढलेली वाट हा प्रस्तुत विवेचनाचा आरंभबिंदू आहे.

पार्श्वभूमी

रुग्णालय हे मालिकेचे स्थळ म्हणून नवे नव्हते. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये ‘इमर्जन्सी वॉर्ड टेन’, अमेरिकेत १९६३ मध्ये ‘जनरल हॉस्पिटल’ आणि ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये ‘द यंग डॉक्टर्स’ या मालिका सुरू झाल्या होत्या. मालिकाकारांना रुग्णालय जवळचे वाटते याचे कारण उघड आहे. कुटुंबकथेत परक्या माणसाला आत आणायचे तर निमित्त शोधावे लागते. रुग्णालयात परका माणूस स्वतःहून दारात येतो, आणि जन्म व मृत्यू हे तेथील रोजच्या कामाचेच भाग असतात.

न्यूझीलंडमध्येही मालिकांची परंपरा अगदीच नव्हती असे नाही. ‘क्लोज टू होम’ (१९७५–१९८३) आणि ‘ग्लॉस’ (१९८७–१९९०) या मालिका तेथे होऊन गेल्या होत्या. तथापि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणारी मालिका हे सुमारे पस्तीस लाख लोकसंख्येच्या देशासाठी मोठे धाडस होते. साउथ पॅसिफिक पिक्चर्स या संस्थेने ते अंगावर घेतले. झपाट्याने मालिका निर्माण करण्याचे तंत्र ऑस्ट्रेलियातील ग्रंडी या कंपनीकडून आले, आणि सुरुवातीच्या वर्षांत ‘न्यूझीलंड ऑन एअर’ या सार्वजनिक निधीचे साहाय्य मिळाले. हा निधी १९८९ च्या प्रसारण कायद्याने अस्तित्वात आला होता. न्यूझीलंडची ओळख व संस्कृती यांचे प्रतिबिंब प्रसारणात पडावे आणि माओरी भाषा व संस्कृती यांना उत्तेजन मिळावे, ही त्याची वैधानिक उद्दिष्टे होती. याच १९८९ मध्ये टीव्ही थ्री ही खासगी वाहिनी सुरू झाल्याने सरकारी मालकीच्या टेलिव्हिजन न्यूझीलंडला प्रेक्षकांसाठी स्पर्धा करावी लागत होती. बाजारपेठ आणि सांस्कृतिक कर्तव्य अशा दोन धन्यांची चाकरी या मालिकेच्या वाट्याला जन्मतःच आली होती.

मालिकेचे नाव ऑकलंड शहरातील एका खऱ्या रस्त्याचे आहे. न्यूझीलंडमधील दूरचित्रवाणीचे पहिले अधिकृत प्रक्षेपण १ जून १९६० रोजी याच रस्त्यावरील स्टुडिओतून झाले होते. कथानक मात्र फर्नडेल या काल्पनिक उपनगरात घडते. तेथे अपघात व तातडीच्या उपचारांसाठी एक खासगी दवाखाना आहे. ‘खासगी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १९३८ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून सार्वजनिक रुग्णालयातील मोफत उपचार हे या देशाचे भूषण मानले जात होते. १९९१ मध्ये सरकारने आरोग्यव्यवस्थेची पुनर्रचना जाहीर केली. फेब्रुवारी १९९२ पासून सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली. जुलै १९९३ मध्ये सेवा विकत घेणारी प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणे आणि सेवा पुरवणारे राजकीय आरोग्य उपक्रम अशी विभागणी अमलात आली. रुग्णालयांनी व्यापारी संस्थांप्रमाणे चालावे, अशी या पुनर्रचनेची अपेक्षा होती. मालिकेचा पहिला भाग रुग्णालय शुल्क सुरू झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत प्रक्षेपित झाला, हे लक्षात ठेवूनच तिची पात्रयोजना वाचली पाहिजे.

नवागताचा प्रवेश : होने रोपाटा आणि कॅरी बर्टन

सर्वच पात्रे नवी असताना प्रेक्षकाला आत कसे न्यावे, या अडचणीवर मालिकेने नवागताच्या नजरेचा उपाय योजला. डॉ. होने रोपाटा (टेम्युएरा मॉरिसन) हा ग्वाटेमालात काम करून आलेला माओरी डॉक्टर दवाखान्यात नव्याने रुजू होतो. त्याच्याबरोबर प्रेक्षकही दवाखान्यात पाऊल ठेवतो. पहिल्याच भागात एका प्रसूतीच्या प्रसंगी तो दवाखान्याची रीत बाजूला सारून हस्तक्षेप करतो. परिचर्या विभागाची प्रमुख कॅरी बर्टन (लिसा क्रिटेंडन) त्याला सुनावते, की डॉक्टरसाहेब आता ग्वाटेमालात नाहीत. हे वाक्य पुढे न्यूझीलंडच्या रोजच्या बोलण्यात वाक्प्रचारासारखे रुळले.

वाक्याच्या लोकप्रियतेमुळे त्यातील गुंतागुंत दुर्लक्षिली जाते. वरवर पाहता हा शिस्त आणि धाडस यांचा परिचित संघर्ष आहे. परंतु बोलणारी व्यक्ती गोरी, म्हणजे तेथील भाषेत पाकेहा आहे, आणि ऐकणारा या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी आहे. ज्याचे पूर्वज या देशात सर्वांच्या आधी आले, त्याला ‘तू आता कुठे आहेस’ याची आठवण करून दिली जात आहे. मालिका हा विरोधाभास उच्चारत नाही. प्रसंगाच्या रचनेत तो ठेवून देते. ज्याला परका ठरवले जाते तोच घरचा आहे, ही जाणीव प्रेक्षकाने स्वतः करून घ्यायची असते.

याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. कॅरी बर्टन ही केवळ अडथळा आणणारी खाष्ट अधिकारी नाही. रुग्णालयकथांमध्ये परिचारिका ही बहुधा डॉक्टरची सहायक, प्रेमिका किंवा साक्षीदार असते. येथे ती डॉक्टरला जाब विचारते, आणि तो अधिकार तिला पदामुळे मिळालेला आहे. वंशाच्या बाजूने पाहिले तर तिचे बोलणे खटकते. स्त्रीच्या व्यावसायिक अधिकाराच्या बाजूने पाहिले तर ते समर्थनीय ठरते. एकाच वाक्यात दोन न्याय्य दावे परस्परांवर आदळतात, आणि प्रेक्षकाला कोणा एकाची बाजू निर्धास्तपणे घेता येत नाही. पहिल्या वर्षातील पात्रयोजनेचे सामर्थ्य या प्रसंगात सर्वाधिक प्रकट होते.

माओरी डॉक्टर ही कल्पना ऐतिहासिक दृष्ट्या नवी नव्हती. माउई पोमारे १८९९ मध्ये अमेरिकेत, तर ते रांगी हिरोआ (पीटर बक) १९०४ मध्ये ओटागो येथे वैद्यकीय पदवीधर झाले होते. परंतु इतिहासात असणे आणि आठवड्याचे पाच दिवस घराघरांत दिसणे यांत अंतर आहे. रोपाटाच्या प्रवेशाचे महत्त्व त्याच्या अपूर्वतेत नाही. अपवाद म्हणून ठाऊक असलेली गोष्ट त्याने नित्याची केली, यात ते आहे.

वारसदाराचा प्रवेश : क्रिस वॉर्नर

डॉ. क्रिस वॉर्नर (मायकेल गॅल्विन) हे रोपाटाचे जोडपात्र म्हणून योजलेले दिसते. तो श्रीमंत घरातला, देखणा व छानछोकी आहे. स्त्रियांच्या बाबतीत तो बेभरवशाचा आहे. रोपाटाला दवाखान्यातील आपले स्थान कृतीने सिद्ध करावे लागते, तर क्रिसला ते जन्मानेच मिळाल्यासारखे आहे. परिचारिका ॲलिसन रेनर (डॅनिएल कॉर्मॅक) हिच्याशी त्याचे जुळलेले प्रेम हे पहिल्या वर्षातील प्रमुख प्रेमकथानकांपैकी एक होय. डॉक्टर पुरुष आणि परिचारिका स्त्री ही जुनी चौकट मालिकेने येथे मोडलेली नाही.

या चौकटीला छेद देणारी पात्रे मात्र त्याच वर्षी शेजारी उभी आहेत. डॉ. मेरेडिथ फ्लेमिंग (स्टेफनी विल्किन) ही स्त्री डॉक्टर आहे, तर स्टीव्ह मिल्स (अँड्र्यू बिन्स) हा पुरुष परिचारक आहे. दवाखान्याचा प्रमुख डॉ. मायकेल मॅकेना (पॉल गिटिन्स) याच्या रूपाने मालकी आणि व्यवस्थापन यांना चेहरा मिळतो. जुनी चौकट आणि तिचा प्रतिवाद एकाच छपराखाली ठेवण्याची ही पद्धत दोन धन्यांच्या चाकरीशी जुळणारी आहे. ओळखीचे आकर्षण प्रेक्षक टिकवते, आणि त्याच्या आडोशाने अनोळखी पात्रे घरात शिरतात.

उंबरठ्यावरची पात्रे

स्वागतिका मार्ज नीलसन (एलिझाबेथ मॅक्रे) आणि तिची तरुण सहकारी कर्स्टी नाइट (अँजेला डॉचिन) यांचे स्थान नाट्यदृष्ट्या मोक्याचे आहे. स्वागतकक्षातून प्रत्येकाला जावे लागते. म्हणून प्रत्येक बातमी तेथे आधी पोहोचते. पूर्वसूचनेचे जे कार्य संस्कृत नाटकात सूत्रधार किंवा विष्कंभकातील गौण पात्रे करतात, ते येथे मार्ज करते. नव्या पात्राचे नाव, त्याच्याविषयीची कुजबुज आणि त्याच्याबद्दलचा पहिला ग्रह प्रेक्षकाला बहुधा तिच्याकडून मिळतो. तिचा चौकसपणा हा विनोदाचा विषय आहे, परंतु रचनेच्या दृष्टीने ती मालिकेची निवेदक आहे. मार्जचा मुलगा स्टुअर्ट (मार्टिन हेंडरसन) तसेच जेनी हॅरिसन (मॅगी हार्पर) व तिचा मुलगा निक (कार्ल बर्नेट) या पात्रांमुळे दवाखान्याला घरांची जोड मिळते. वैद्यकीय मालिका आणि कुटुंबमालिका यांतील सांधा याच पात्रांनी जुळवला आहे.

सॅम अलेनी (रेने नाउफाहू) हा सामोअन वंशाचा पॅरामेडिक आणि जॅकी मानू (नॅन्सी ब्रनिंग) ही माओरी परिचारिका यांच्या प्रवेशामुळे रोपाटा एकटा पडत नाही. ही बाब संख्येपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. अल्पसंख्य समाजातील एकच पात्र असले की त्याच्यावर साऱ्या समाजाचे प्रतिनिधित्व लादले जाते. त्याला चुकता येत नाही, आणि चुकले तर ती समाजाची चूक ठरते. दोन-तीन पात्रे झाली की प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव मिळतो. सॅम आणि रोपाटा यांच्यामुळे माओरी आणि प्रशांत महासागरातील बेटांवरून आलेले लोक हे दोन भिन्न समाज आहेत, हेही प्रेक्षकासमोर राहते. याच वेळी या पात्रयोजनेची एक मर्यादा दिसते. आरंभीच्या प्रमुख पात्रांत आशियाई वंशाची व्यक्ती नव्हती, डॉ. ग्रेस क्वान हे पात्र नंतर आले.

नाव नसलेले पात्र : रुग्ण

दवाखान्याच्या कथेत रुग्ण हे मध्यवर्ती पात्र असावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. दैनंदिन मालिकेची रचना या अपेक्षेच्या विरुद्ध जाते. कर्मचारी कायमचे असतात, रुग्ण पाहुणे असतात. रुग्ण बरा होऊन किंवा मरण पावून निघून जातो. त्याच्या आजाराने कर्मचाऱ्यांच्या आयुष्यात जी हालचाल झाली तेवढी मागे उरते. आजार हा रुग्णाचा अनुभव न राहता डॉक्टरच्या स्वभावदर्शनाचे निमित्त होतो. पात्रांच्या सूचीत म्हणूनच रुग्ण दिसत नाहीत. त्यांचा प्रवेश होतो, परंतु पात्रप्रवेश होत नाही.

हा दोष या प्रकारातील सर्वच मालिकांत आहे. १९९२ च्या न्यूझीलंडमध्ये मात्र त्याला विशेष किंमत मोजावी लागली. सार्वजनिक रुग्णालयाच्या दारात रुग्णाला पैशांविषयी विचारले जाण्याचा तो काळ होता. उपचार हा हक्क की खरेदीची वस्तू, हा प्रश्न त्या वर्षी घरोघरी उपस्थित होता. मालिकेने नेमके खासगी दवाखान्याचे स्थळ निवडले. त्यामुळे हा प्रश्न तिच्या दारातच उभा होता. परंतु प्रश्न विचारण्यासाठी लागणारे पात्र, म्हणजे पैसे देऊ न शकणारा आणि कथेत टिकून राहणारा रुग्ण, तिच्या रचनेत बसणारे नव्हते. परिणामी सेवा आणि व्यापार यांतील संघर्ष धोरणाच्या पातळीवर न राहता माणसामाणसांतील मतभेदाच्या रूपात येतो. प्रमुख हटवादी आहे की उदार, डॉक्टर नियम पाळतो की मोडतो, यावर लक्ष केंद्रित होते. व्यवस्थेचा दोष स्वभावाच्या दोषात रूपांतरित होतो, आणि स्वभाव बदलला की दोष गेला असे वाटू लागते. पुढे कथानकातच हा खासगी दवाखाना सार्वजनिक रुग्णालय झाला, ही गोष्ट आरंभीच्या निवडीतील अडचण सूचित करते.

टिकून राहण्याचा अर्थ

दैनंदिन मालिकेत पात्राचा अर्थ प्रवेशाने ठरतो हे खरे असले, तरी तो टिकून राहण्याने बदलतो. प्रवेशाच्या वेळी केंद्रस्थानी होने रोपाटा होता. तो १९९५ मध्ये मालिकेतून बाहेर पडला आणि २००८ मध्ये अल्पकाळ परतला. निक हॅरिसन २००५ पर्यंत राहिला. क्रिस वॉर्नर १९९६ मध्ये गेला, २००० मध्ये परत आला आणि पुढे दशकानुदशके मालिकेचा आधारस्तंभ झाला. बेजबाबदार तरुण म्हणून आलेला वारसदार कालांतराने रुग्णालयाचा प्रमुख होतो, आणि आल्याबरोबर नियमांना आव्हान देणारा नवागत आठवणीत, तोही एका वाक्याच्या रूपाने, उरतो.

यावर असा आक्षेप घेता येईल, की नटांचे येणे-जाणे ही व्यावसायिक बाब असून तीवरून मालिकेचा आशय काढणे योग्य नाही. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. टीके सॅम्युएल्ससारखे माओरी डॉक्टर नंतरच्या काळातही मालिकेत महत्त्वाचे स्थान मिळवतात, हेही नोंदवले पाहिजे. तथापि प्रश्न निर्मात्यांच्या हेतूचा नाही. ज्या रचनेत शेवट नसतो, तेथे टिकून राहणे हाच पात्राला मिळणारा न्याय असतो. तो कोणाला मिळाला हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

रोपाटाची भूमिका करणाऱ्या टेम्युएरा मॉरिसन यांची पुढील वाटचाल या संदर्भात बोलकी आहे. १९९४ मध्ये ‘वन्स वेअर वॉरियर्स’ या चित्रपटात त्यांनी जेक हेके हा पत्नीला मारहाण करणारा माओरी नवरा साकारला. ॲलन डफ यांच्या १९९० मधील कादंबरीवर ली तामाहोरी यांनी केलेला हा चित्रपट जगभर गेला. मायदेशातील प्रेक्षकांनी एकाच नटाचे हे दोन चेहरे शेजारी शेजारी पाहिले होते. त्यांना जेकच्या हिंसेमागे एका माणसाची कथा दिसू शकत होती. परदेशी प्रेक्षकांपैकी बहुतेकांना डॉक्टर ठाऊकच नव्हता. चित्रपटाचे कलामूल्य याने उणे होत नाही. पण नित्यपणाने दाखवलेली प्रतिष्ठा सीमा ओलांडत नाही आणि तीव्रतेने दाखवलेले दुःख ओलांडते, हे वास्तव यातून स्पष्ट होते. दैनंदिन मालिकेची किंमत कमी लेखली जाते ती येथे. तिचे काम घरच्या घरी, हळूहळू आणि गाजावाजा न होता चालते.

निष्कर्ष

‘शॉर्टलँड स्ट्रीट’च्या पहिल्या वर्षातील पात्रयोजनेविषयी पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, नवागताच्या नजरेतून प्रवेश घडवून मालिकेने पात्रपरिचयाची तांत्रिक अडचण सोडवलीच, शिवाय घरचा कोण आणि परका कोण या राष्ट्रीय प्रश्नाला त्यात जागा दिली. दुसरा, माओरी डॉक्टर, अधिकारी परिचारिका, स्त्री डॉक्टर आणि सामोअन पॅरामेडिक यांना त्यांच्या पदांसह नित्याच्या जगात बसवून तिने अधिकाराच्या जागांची फेरवाटणी केली. उपदेश न करता केली म्हणून ती स्वीकारली गेली. तिसरा, ही फेरवाटणी संस्थेच्या आत झाली. संस्था कोणाची, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने, हे विचारणारे पात्र मात्र निर्माण झाले नाही.

या तिन्ही निष्कर्षांचा एकत्रित विचार केला असता वैद्यकीय मालिकेच्या समीक्षेसाठी एक निकष हाती येतो. अशा मालिकेत डॉक्टर कोण आहे, हे विचारणे आवश्यक आहे. पण ते पुरेसे नाही. दारातून आत येणाऱ्या आजारी माणसाला तेथे नाव मिळते की नाही आणि मिळाले तर ते किती भाग टिकते, हेही विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या मालिकेने १९९२ मध्ये आत्मविश्वासाने दिले. दुसरा प्रश्न तिच्या स्वागतकक्षात थांबून राहिला.